सोसायटीच्या पडीक कोपऱ्यात भाजीबाग: रोपं सगळ्यात शेवटी

रविवारी सकाळी चाळीस माणसं जमतात आणि खुरपी निघतात सहा. नर्सरीतून आणलेली दीडशे रोपं टेम्पोतून उतरवून झालेली असतात, पण वाफे अजून आखलेलेच नसतात. नऊ वाजता ऊन चढतं, घाई होते, माती मऊ लागेल तिथे रोपं टोचली जातात, फोटो निघतात. तिसऱ्या आठवड्यात "आज पाणी कुणी घातलं?" या प्रश्नाला ग्रुपवर कुणीच उत्तर देत नाही. आमच्या सोसायटीत हे लागोपाठ दोन वर्षं झालं. तिसऱ्या वर्षी रोपं आणायचं काम सगळ्यात शेवटी ठेवलं, तेव्हा कुठे बाग टिकली.

पुण्या-नाशिककडच्या हवामानात, हजार चौरस फुटांच्या आसपासच्या सामायिक कोपऱ्यासाठी हा क्रम आहे. कोकणात वाफे आणखी उंच करा, बाकी क्रम तोच. पावसाळी भाजी हवी असेल तर मार्चमध्ये कामाला लागा, हिवाळी हवी असेल तर ऑगस्टमध्ये. इतक्या आधीपासून कशाला, असं लोक विचारतात. यातले निम्मे दिवस माती नुसती पडून राहण्यात जातात, आणि नेमके तेच दिवस वाचवण्याचा मोह होतो.

## टप्पा १: आधी जागा नीट पाहून घ्या

ऊन. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता एकाच ठिकाणी उभं राहून मोबाइलवर फोटो काढा. फळभाज्यांना पाच-सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात. इथे बहुतेक जण फसतात ते मे महिन्यातलं ऊन पाहून. मेच्या मध्यावर पुण्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे इमारतीची सावली जवळजवळ नाहीशी होते. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. सात मजली, म्हणजे साधारण २१ मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा दुपारी बारा-साडेबारालाही उत्तरेकडे १८-१९ मीटर पडते. तुमची जागा इमारतीच्या उत्तरेला असेल, तर पावसाळ्यात भरघोस भेंडी देणारा वाफा हिवाळ्यात टोमॅटोला उपयोगाचा नाही. तिथे पालक-मेथी लावा किंवा विश्रांती द्या.

पाणी. दहा फूट बाय चार फुटांच्या एका वाफ्याला उन्हाळ्यात दिवसाला १५ ते २० लिटर, म्हणजे साधारण एक मोठी बादली पाणी लागतं. सहा वाफे म्हणजे सहा बादल्या. नळ तीस पावलांपेक्षा लांब असेल तर दहाव्या दिवशी कुणी बादली उचलणार नाही, हे गृहीत धरा. आधी नळाची जोडणी किंवा पाइप, सोबत दोनशे लिटरचा एक झाकणाचा ड्रम. झाकण नसेल तर डास होतील आणि पहिली तक्रार तळमजल्यावरून येईल. सांडपाणी शुद्ध करून आलेलं पाणी शोभेच्या झाडांना द्या. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, पालेभाजी यांच्यावर मी ते कधीच घालू देत नाही.

जमिनीखाली काय आहे. सोसायटीच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा बिल्डरचा राडारोडा पुरलेला असतो. पहारीने चार ठिकाणी हातभर खोल खड्डे घेऊन बघा. ड्रेनेजची लाइन, विजेची केबल, टाकीचे पाइप कुठून गेलेत ते प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन विचारा आणि त्या रेषा चुन्याच्या फक्कीने आखा.

> तपासा: फक्कीच्या रेषा पडल्याशिवाय एकाही माणसाच्या हातात कुदळ द्यायची नाही. "इथे काही नसेल" हे वाक्य केबल तुटायच्या आधी नेमकं ऐकू येतं.

## टप्पा २: मातीचा नमुना

जागा निवडली की लगेच नमुना घ्या, अहवाल यायला वेळ लागतो. जागेवर नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंतची माती खरवडून घ्या. सगळी माती घमेल्यात मिसळा, पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा, आत चिठ्ठी टाका. कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत ती तपासून मिळते.

झाडाच्या बुंध्याजवळची, खताच्या ढिगाखालची आणि भिंतीलगतची माती घेऊ नका. भिंतीलगत चुना-सिमेंट मिसळलेलं असतं, त्यामुळे सामू (pH) फसवा येतो. भाजीसाठी सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असला की पुरे. त्याच्या बराच वर असेल तर ही जमीन सुधारण्याच्या मागे न लागता तिच्यावर उंच वाफे बांधा.

## टप्पा ३: परवानगी तोंडी नको

कमिटीतले सगळे ओळखीचे असतात, "करा हो, आमची हरकत नाही" म्हणतात. पुढच्या वर्षी कमिटी बदलते आणि त्याच जागेवर पार्किंगचे पट्टे मारले जातात. एक पानाचा ठराव मंजूर करून घ्या. त्यात जागेचं माप, किती वर्षांसाठी, पाण्याचं कनेक्शन कुठून, खर्च कुणाचा, भाजी कुणाची आणि बाग बंद पडली तर जागा पूर्ववत कोण करणार, एवढं आलंच पाहिजे. शेवटचा मुद्दा स्वतःहून लिहिलात तर विरोध करणारे निम्मे लोक गप्प होतात.

झाडांचं वेगळं. वाफ्यांवर सावली पडते म्हणून श्रमदानाच्या उत्साहात फांद्या उतरवायला जाऊ नका. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार शहरी हद्दीत झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि छाटणीसाठीही आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा. झाड सोसायटीच्या आवारात आहे, ही सबब चालत नाही.

## टप्पा ४: माणसं आणि हत्यारं

चाळीस माणसं नकोत. हजार फुटांच्या जागेत वीस माणसं एकमेकांना न अडवता काम करू शकतात. जास्त नावं आली तर दोन रविवार करा.

वीस जणांना चार कुदळी किंवा टिकाव, चार फावडी, आठ घमेली, आठ-दहा खुरपी, दोन पहारी, दोन विळे आणि दोन दाताळी पुरतात. एक खणणारा, एक फावड्याने भरणारा, दोघं घमेली वाहणारे अशी चौकडी करा. घमेली कमी पडली की खणणारे उभे राहतात. नवख्या आयोजकाला कुदळींची काळजी असते आणि काम खोळंबतं ते घमेल्यांवर.

हत्यारं आदल्या दिवशी हातात घेऊन बघा. कुदळीचा दांडा सैल असेल तर पाचर ठोका आणि रात्रभर ते टोक पाण्यात ठेवा, लाकूड फुगून घट्ट बसतं. सैल दांड्याची कुदळ गर्दीत वापरणं म्हणजे कुणाचं तरी डोकं फुटायची सोय.

हातमोजे, बंद बूट, प्रथमोपचाराची पेटी. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हे प्रत्येकाला आधीच विचारा. जवळच्या सर्पमित्राचा नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये हवा.

एक जण मुकादम. तो स्वतः खणणार नाही, कोणाला काय काम आणि कुणी थांबायचं एवढंच बघेल. ज्येष्ठांना बसून करायची कामं द्या: दगड-काच वेगळी करणं, चिठ्ठ्या लिहिणं, चहा-ताकाचं बघणं. आणि सोसायटीच्या माळीकाकांना विसरू नका. त्यांना या जमिनीची आपल्यापेक्षा जास्त माहिती असते. मात्र रविवारी बोलावलंत तर त्या दिवसाचे पैसे द्या. श्रमदान आपलं आहे, त्यांचं नव्हे.

> तपासा: पुढच्या सहा आठवड्यांचं पाणी घालायचं वेळापत्रक नावांसकट भरलेलं आहे का? नसेल तर श्रमदानाची तारीख जाहीर करू नका. गर्दीच्या दिवशी हात वर करणारे पुष्कळ असतात, मंगळवारी संध्याकाळचे वेगळे.

## टप्पा ५: पहिलं श्रमदान, फक्त सफाईचं

या दिवशी एकही रोप आणायचं नाही. पावणेसातला सुरुवात, साडेनऊला बंद. काम अर्धं राहिलं तरी बंद, कारण त्यानंतरच्या उन्हात जो दमतो तो पुढच्या रविवारी येत नाही.

क्रम असा ठेवा. आधी विळ्याने उंच गवत कापून जमीन दिसू द्या. मग काच, तारा, खिळे वेचा. मग दगड-विटा. दगड हाताने उचलू नका, दाताळ्याने आपल्याकडे ओढा. खाली विंचू असतो. साप दिसला तर सगळ्यांनी मागे सरायचं, एकाने लांबून नजर ठेवायची आणि सर्पमित्राला फोन करायचा. सगळ्यात शेवटी खणणं.

निघालेल्या मालाचे चार ढीग करा: राडारोडा, प्लास्टिक-काच, कोरडा पाला आणि मुळासकट तण. कोरडा पाला जाळू नका. उघड्यावर कचरा जाळायला घनकचऱ्याच्या नियमांनी मनाई आहे, आणि तोच पाला पुढे आच्छादनाला लागणार आहे.

तणांकडे बारकाईने बघा. गाजर गवत फुलावर यायच्या आत उपटा, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून. पुष्कळांना त्याने अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्या कामावर ठेवू नका. हरळीचे धागे हाताने ओढत मुळापर्यंत काढा.

आणि लव्हाळा. बागा बंद पडायचं हे मोठं कारण आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. वरचं पातं उपटलं की लव्हाळा गेला असं वाटतं. खाली बारीक दोऱ्यांनी जोडलेल्या गाठी असतात, आणि कुदळीने भराभर खणलं की ती साखळी तुटून प्रत्येक गाठ स्वतंत्र रोप देते. म्हणजे वीस जणांनी उत्साहाने खणलं तर तीन आठवड्यांत पूर्वीपेक्षा दाट लव्हाळा येतो. आमच्या पहिल्या वर्षी हेच झालं. लव्हाळा दिसेल त्या भागात फक्त दोन धीराची माणसं बसवा. माती ओलसर करून खुरप्याने बाजूने सैल करायची आणि गाठींसकट उचलायची. त्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका, गच्चीवर फरशीवर कडक वाळवा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फुटतील, पुन्हा काढा. दोन-तीन फेऱ्यांनी जोर कमी होतो.

## टप्पा ६: माती तापू द्या

मार्चमध्ये सफाई झाली असेल तर एप्रिल-मेचं ऊन फुकट मिळतं. जमीन सपाट करा, भरपूर पाणी द्या, पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरा आणि कडा मातीत गाडा. चार ते सहा आठवडे हात लावू नका. काळं प्लास्टिक घेऊ नका. ते स्वतः तापतं, जमीन तेवढी तापत नाही. पुष्कळसं तणाचं बी आणि वरच्या थरातली बुरशी याने मरते. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र वाचतात, त्यामुळे मागच्या टप्प्यातल्या फेऱ्या टाळू नका. ऑगस्टमध्ये सुरू करणाऱ्यांनी हा टप्पा सोडून पुढे जावं.

## टप्पा ७: दुसरं श्रमदान, वाटा आणि वाफे

आधी वाटा आखा, मग वाफे. उलट केलंत की वाटा उरलेल्या जागेत कोंबल्या जातात आणि लोक वाफ्यातून चालतात.

वाफ्याची रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचावा म्हणून. भिंतीला टेकलेला वाफा अडीच फुटांपेक्षा रुंद नको. लांबी दहा फूट. त्याहून लांब केला की वळसा घालायचा कंटाळा येतो आणि माणूस वाफा ओलांडतो. वाट दीड फूट, मुख्य वाट तीन फूट. पहिल्या वर्षी जागा बारा वाफ्यांची असली तरी सहाच करा, उरलेल्या जागेवर पाला पसरून ठेवा.

मातीचा हिशेब अनेकांचा चुकतो. सहा वाफे, प्रत्येक ४० चौरस फूट, सहा इंच भर, म्हणजे १२० घनफूट. भर बसते म्हणून दीडशे धरा, म्हणजे दीड ब्रास. लोक लगेच दीड ब्रास मातीची ऑर्डर देतात. पण मिश्रणात माती निम्मीच असते: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग पाल्याचं किंवा ओल्या कचऱ्याचं खत. म्हणजे माती पाऊण ब्रास, आणि दोन्ही खतं सिमेंटच्या रिकाम्या पोत्याच्या मापाने प्रत्येकी तीस पोती. प्रत्येक वाफ्याला अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. खाली राडारोडा निघाला असेल तर सहाऐवजी नऊ-दहा इंच भर घ्या आणि कडेने विटा लावा.

"लाल माती" म्हणून मुरूम माथी मारला जातो. टेम्पो रिकामा करण्याआधी काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी घालून हलवा. दहा मिनिटांत जवळजवळ सगळं तळाशी बसलं आणि वरचं पाणी नितळ झालं तर ती भरड वाळू-मुरूम आहे, परत पाठवा.

शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते कुजलेलं नाही. ताज्या शेणाने मुळं जळतात आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. सोसायटीच्या खड्ड्यातलं खतही आधी पारखा: कपभर खतात मेथीचे दाणे पेरा. चार-पाच दिवसांत हिरवीगार उगवली तर खत तयार, पिवळी पडली किंवा उगवलीच नाही तर आणखी महिनाभर ठेवा.

काळ्या मातीत काम फक्त वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन बसला तर घरी जा, रविवार असला तरी. ओल्या मातीत वीस माणसं नाचली की तिची वीट होते.

> थांबा: वाफे भरून झाले की लगेच पेरू नका. पाणी द्या आणि आठ-दहा दिवस तसेच ठेवा. तणाचं बी उगवेल, ते खुरप्याने वरवर खरवडून काढा, खोल खणू नका. याच दिवसांत पाण्याच्या वेळापत्रकाची तालीम होते. रिकाम्या वाफ्याला जो पाणी घालायला विसरला, तो भरल्या वाफ्यालाही विसरेल. आत्ताच नाव बदला.

## टप्पा ८: आता बी, मग रोपं

पहिल्या खेपेला अर्धे वाफे लवकर येणाऱ्या भाज्यांना द्या. मेथी महिन्याभरात काढणीला येते, मुळा आणि कोथिंबीर दीड महिन्यात. पहिली जुडी घरी गेली की माणसं टिकतात. धने पेरण्याआधी हलके रगडून त्यांचे दोन भाग करा, अख्खे पेरल्याने उगवण लांबते.

पावसाळ्यात भेंडी, गवार, आणि मांडवावर दोडका, कारलं, दुधी. मांडव बी टोचण्याआधी उभारा. वेल वाढल्यावर खांब पुरताना मुळं तुटतात. मांडव उत्तरेच्या कडेला, नाहीतर सगळ्या बागेवर त्याची सावली. मेथी-पालक भर पावसात सडतात, त्यांना ऑक्टोबर बरा. टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपं २५-३० दिवसांची घ्या. नर्सरीत फुलं लागलेली उंच रोपं दाखवतात, ती घेऊ नका. लागवड संध्याकाळी करा.

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल टाका, जास्त नको. रोपांभोवती वाळक्या पाल्याचं दोन इंच आच्छादन, खोडापासून चार बोटं लांब. पावसाळ्यात ते पातळ करा, खाली गोगलगाई लपतात. संध्याकाळी ओली गोणपाटं पसरून ठेवली तर सकाळी त्यांच्याखाली गोळा झालेल्या सापडतात. हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका.

## टप्पा ९: वाटणी आणि सुट्ट्या

एका घराला एक वाफा दिला तर ते घर गावाला गेलं की वाफा वाळतो. सगळे वाफे सगळ्यांचे म्हटलं तर कुणाचेच राहत नाहीत. आम्ही एका वाफ्याला दोन घरं जोडली, शक्यतो वेगवेगळ्या मजल्यांवरची आणि सुट्टीच्या वेगळ्या सवयींची. शेजारची दोन घरं जोडलीत तर दिवाळीत दोघंही बाहेर असतात.

नळाजवळ एक फळा लावा. त्यावर आज पाणी कुणी घातलं, काय तोडलं, काय फवारलं, एवढंच. फवारणी घरगुती असली तरी तारीख लिहा, दुसरा कुणी त्याच दिवशी पाला तोडून नेऊ नये म्हणून. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं वर सरकून जातं, फळ्यावरचं पाणी घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहतं.

तोडणीचे नियम पहिल्या जुडीआधी ठरवा. पालक जमिनीपासून दोन इंच ठेवून कापायचा, म्हणजे पुन्हा फुटतो. भेंडी एक दिवसाआड तोडायचीच, खायची असो वा नसो. जून भेंडी झाडावर राहिली की नवीन धरणं मंदावतं. वाफ्याच्या दोन्ही घरांना नको असलेली भाजी सकाळी नऊनंतर वॉचमनच्या टेबलावर ठेवायची, जो नेईल त्याची. हत्यारांच्या कपाटाच्या किल्ल्या दोन करा, एक मुकादमाकडे आणि एक गेटवर. आमच्याकडे सुरुवातीला एकच होती, आणि ती मे महिन्यात तीन आठवडे रत्नागिरीला होती.